तिसऱ्या पायरीचा मान

मित्रांनो, तो शनिवार अगदी साधा होता. म्हणूनच तो मला इतका नीट आठवतो.

फेब्रुवारीचा दुसरा शनिवार, सकाळचे दहा. बाहेर उणे एकोणीस. अशा थंडीत माझे दार चौकटीत घट्ट बसते आणि येणाऱ्याला खांदा लावावा लागतो. विश्वनाथराव नेहमी डावा खांदा लावत. त्या दिवशी त्यांनी उजवा लावला. मी ते पाहिले. पाहणे तेवढे माझ्या हातात आहे.

त्यांनी बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झाडला, टोपी काढली आणि स्टोव्हजवळच्या आपल्या टेबलाशी बसले. माझी मालकीण ओदेत, वय चौऱ्याहत्तर, हिने न विचारताच वाटाण्याचे सूप आणून ठेवले. त्यात डुकराचे मांस घालायची इथली रीत आहे. पण दर शनिवारी ओदेत एक छोटे पातेले वेगळे लावी, बिनमांसाचे. विश्वनाथरावांनी कोटाच्या खिशातून चपटी डबी काढली आणि सुपावर नागपूरचे लाल तिखट भुरभुरले.

“मस्यू विश, बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात तसं टाकतोस तू ते,” शेजारच्या टेबलावरून जिल म्हणाला. मस्यू म्हणजे साहेब. आणि विश म्हणजे विश्वनाथ या नावातले जेवढे इथल्या जिभेला पेलले तेवढे.

“तू एकदा चाखलंस, आणि आठवडाभर साऱ्या गावाला सांगत फिरलास,” विश्वनाथराव म्हणाले. ते हे फ्रेंचमध्ये म्हणाले. एकेक शब्द पायाने चाचपून मग त्यावर भार टाकावा, असे त्यांचे बोलणे होते.

ओदेतने विचारले, “दवाखान्यात गेला होतात?”

“गेलो. मंगळवारी.”

“मग? खांद्याचं सांगितलंत?”

विश्वनाथरावांनी सूप ढवळले. “डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय. मी सुरुवात केली. तेवढ्यात मुलगी म्हणाली, बाबा, डॉक्टरांना घाई आहे, मी सांगते. मग तिने सांगितलं.”

“आणि तू काय केलंस?” जिलने विचारले.

“मी तिचा कोट धरला होता.”

जिल हसला. विश्वनाथरावही हसले. “फार छान बोलते ती,” ते म्हणाले. “डॉक्टर तिच्याकडेच बघत होते. मी बोललो असतो तर भिंतीकडे बघितलं असतं.”

ओदेत हसली नाही. “तिने खांद्याचं सांगितलं का?”

“तिने थकव्याचं सांगितलं. थकवाही आहेच. खांद्याचं तिला ठाऊक नाही. घरी बोललो नाही मी. तिला उगाच काळजी लागते.”

“सोमवारी परत जा. एकटे जा.”

“जाईन,” ते म्हणाले.

मग ते आणि जिल गिरमीट घेऊन नदीवर गेले, बर्फाला भोक पाडले आणि जाडी मोजली. परत आल्यावर विश्वनाथरावांनी खिशातली वही उघडून बराच वेळ आकडेमोड केली. मग एका चिठ्ठीवर तारीख आणि वेळ लिहिली, चिठ्ठीची चौघडी केली आणि ती लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकली. ती बरणी कसली, ते पुढे सांगतो.

बाराला त्यांची नात सलोनी आली. वय अकरा, स्केट गळ्यात अडकवलेले, गाल लाल.

“आबा, चल ना. मम्मा टेक्स्ट करतेय.”

“चाल, चाल. उशीर होऊन राहिला. आणि आईला...”

“सांगणार नाही. आय नो.”

“मार्चपर्यंतच. मग मीच सांगीन. तिथून.” त्यांनी माझ्या जिन्याकडे बोट केले. सलोनीने डोळे फिरवले. हे तिने फार वेळा ऐकले होते.

“शनिवारी येतो,” असे ते ओदेतला म्हणाले, आणि गेले.

आता मी कोण, ते सांगायला हवे. क्वेबेक प्रांतात, मॉन्ट्रियलपासून गाडीने पाऊण तासावर रिशल्यू नावाची नदी वाहते. तिच्या काठच्या एका लहान गावातला मी जुना पब आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरात हा शब्द हळू आवाजात म्हणतात, हे मला विश्वनाथरावांमुळे कळले. त्यांनी माझ्याकडे चार हिवाळे गरम पाणी, सूप आणि पाव यांखेरीज काही घेतले नाही. तरीही ते माझे नाव घरी कधी सांगू शकले नाहीत. “नातीला स्केटिंगला सोडून आजोबा पबात बसतो, हे कसं सांगायचं?” असे ते एकदा ओदेतला म्हणाले. ओदेतला त्यात न सांगण्यासारखे काय आहे, ते समजले नाही.

माझ्या भिंतींचे दगड याच नदीच्या पात्रातून काढलेले आहेत. माझ्या तुळया म्हणजे एका फुटलेल्या मालवाहू नावेचे वासे. मला बांधले त्याला एकशे नव्वद वर्षे झाली. तेव्हा नदीवर पूल नव्हता. या काठापासून त्या काठापर्यंत जाड दोर ताणलेला असे आणि तो दोर ओढत एक रुंद नाव ये-जा करी. तिच्यावर घोडागाड्याही चढत. नाव सुटायच्या आधी घंटा वाजे. ती घंटा ऐकू यावी एवढ्या जवळ वाटसरूंना बसता यावे, म्हणून मी झालो.

वसंत ऋतूत नदीवरचा बर्फ फुटतो. मग ना बर्फावरून चालत जाता येते, ना नाव चालते. असाच एकदा बर्फ फुटला आणि एकोणीस माणसे माझ्यात चार दिवस अडकली. काही फ्रेंच बोलणारी, काही इंग्रजी. दुसऱ्या दिवशी भांडणात खुर्च्या मोडल्या. तिसऱ्या दिवशी माझ्या त्या वेळच्या मालकिणीने, मार्गरित नावाच्या विधवेने, धक्क्यावरची घंटा काढून आणली, जिन्याच्या तिसऱ्या पायरीपाशी टांगली आणि सांगितले की घंटेची दोरी ज्याच्या हातात तो बोलेल, बाकीचे ऐकतील, समजो वा न समजो. पहिल्यांदा एक इंग्रज सुतार पायरीवर चढला आणि आजारी बायकोबद्दल अर्धा तास बोलला. फ्रेंच बोलणाऱ्यांना त्यातले अक्षर कळले नाही. पण त्याने दोरी सोडली तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने त्याला आपली खुर्ची दिली.

तेव्हापासून ती रीत पडली. जानेवारीत नदी पक्की गोठली की गावकरी धक्क्यापासून पन्नास पावलांवर, बर्फावर एक लाल पिंप ठेवतात. पिंपाला तार बांधतात. ती तार माझ्या भिंतीतल्या भोकातून आत येते आणि घड्याळाच्या लंबकाला जोडलेली असते. बर्फ फुटून वाहू लागला की पिंप ओढले जाते, तार ताणते आणि घड्याळ थांबते. ही वेळ कोणती असेल, त्याचा अंदाज सगळे चिठ्ठीवर लिहून त्या बरणीत टाकतात. सर्वांत जवळचा अंदाज ज्याचा, त्याला पुढच्या रविवारी दुपारी बारा वाजता तिसऱ्या पायरीचा मान. दोरी हातात असेपर्यंत त्याने बोलायचे. कुणी मध्ये बोलायचे नाही. दुसरे बक्षीस नाही.

मला या रितीचा अभिमान आहे, पण माझ्यात घडलेले सगळेच अभिमानाचे नाही. पुढे असा कायदा आला की माझ्यासारख्या ठिकाणी बायकांनी बसायचे नाही. ज्या मार्गरितने दोरी टांगली, तिच्याच पणत्या मागच्या दाराने भांडी घासायला येत. ओदेतची आई माझ्या स्वयंपाकघरात बावीस वर्षे राबली आणि पुढच्या खोलीत एकदाही बसली नाही. कायदा गेला, ओदेतने मला विकत घेतले, आणि पहिल्याच दिवशी आईला पुढच्या खोलीत खुर्चीवर बसवले. म्हातारी दहा मिनिटे बसली. मग उठून टेबले पुसू लागली.

पूल झाला, नाव बंद पडली. मी राहिलो. माझे कौतुक झाले, फोटो निघाले, दर्शनी भिंतीवर पितळी पाटी लागली. ती पाटी सांगते की मी वारसा आहे. त्या पाटीमुळे माझी एक खिडकीही बदलता येत नाही. नंतर मोठा पूर आला. सरकारने पूररेषा आखली आणि मी तिच्या आत सापडलो. त्यामुळे माझा विमा निघत नाही आणि दुरुस्तीचे कागद पुढे सरकत नाहीत. मला पाडता येत नाही, सावरता येत नाही, आणि विकायचे म्हटले तर कुणी घेत नाही. नदीकडच्या माझ्या तीन खिडक्यांवर तीन वर्षांपासून प्लायवूड ठोकलेले आहे. जिच्यासाठी मला बांधले ती नदी मला दिसत नाही. तारेच्या भोकातून बोटाएवढा उजेड येतो, तेवढीच आता माझी नदी. आणि या जानेवारीत नगरपालिकेचे पत्र आले की मे महिन्यापासून माझ्यात कुणी बसायचे नाही.

एका शनिवारी खोलीत कुणी नसताना विश्वनाथराव माझ्या भिंतीला पाठ टेकून मराठीत म्हणाले होते, “तुझं-माझं सारखंच आहे, बाबा. सगळे जपतात. विचारत कोणी नाही.”

ते चौतीस वर्षे विदर्भात पाटबंधारे खात्यात इंजिनीअर होते. पत्नी गेल्यावर मुलीने त्यांना मॉन्ट्रियलजवळच्या ब्रॉसार्डला आपल्याकडे आणले. मुलगी मैत्रेयी विमानांची इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात काम करते. ती फ्रेंच उत्तम बोलते. पण पहिल्या दोन वर्षांत तिच्या उच्चारांना ऑफिसात लोक हसले होते, आणि तसे आपल्या वडिलांना कुणी हसू नये, असे तिला वाटे. म्हणून बँकेत, दुकानात, फोनवर, शेजाऱ्यांशी तीच बोले. “बाबा, तुम्ही थांबा, मी सांगते.” हे सगळे विश्वनाथरावांनीच इथे सांगितले, आणि सांगताना कधी तक्रारीचा सूर लावला नाही. फक्त एकदा म्हणाले, “इथे आल्यापासून माझं एकही वाक्य पूर्ण झालेलं नाही.”

सलोनीला आमच्या गावातल्या रिंकवर शनिवारी स्केटिंगचा वर्ग मिळाला, कारण शहरातले वर्ग भरलेले होते. तिला सोडायचे काम आजोबांकडे आले. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे आले ते थंडीने काकडून, वॉशरूम विचारायला. ओदेतने फ्रेंचमध्ये रस्ता दाखवला आणि बाहेर आल्यावर सूप पुढे केले. जिल, जो पूर्वी पलीकडच्या गावातली शेवटची नाव चालवत असे, त्याने विचारले की तुम्ही काय काम करत होतात. विश्वनाथरावांना उत्तर द्यायला अकरा मिनिटे लागली. त्यांनी हातांनी धरण दाखवले, दरवाजे उघडून दाखवले, पुराचे पाणी टेबलावरून वाहते केले. अकरा मिनिटांत कुणी त्यांच्या तोंडचा शब्द उचलला नाही. आमच्या गावात हिवाळ्यात कुणालाच घाई नसते.

मग जिलने त्यांना लाल पिंपाची गोष्ट सांगितली. ज्या माणसाने जन्मभर पाणी मोजले त्याला यापुढे काय हवे? पहिल्या वर्षी त्यांचा अंदाज एकोणीस दिवसांनी चुकला. दुसऱ्या वर्षी सहा. तिसऱ्या वर्षी एका दिवसाने. जिंकल्यावर मैत्रेयीला इथे आणून बसवायचे आणि तिसऱ्या पायरीवरून बोलायचे, हा त्यांचा बेत होता. म्हणून तोवर सगळे गुपित. भाषण त्यांनी लिहूनही ठेवले होते. ओदेतने त्यातल्या चुका लाल पेनने दुरुस्त केल्या. दोन चुका तिने तशाच ठेवल्या. म्हणाली, या दुरुस्त केल्या तर तुमचा आवाज जाईल. तो कागद घड्याळामागे खोचलेला असे.

चौथ्या वर्षीची चिठ्ठी तुम्ही त्यांना बरणीत टाकताना पाहिलीच.

पुढच्या शनिवारी ओदेतने छोटे पातेले लावले. सूप घट्ट होत गेले. कुणी आले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या शनिवारी दार दोन्ही हातांनी ढकलून एक बाई आत आली. तिच्यापुढे सलोनी होती.

“आबा इथे बसायचे,” सलोनी म्हणाली. “दॅट टेबल.”

“इथे? सलोनी, हा बार आहे.”

“सूप असतं इथे, मम्मा.”

ओदेत हात पुसत आली. तिने आधी त्या दोघींच्या मागे, दाराकडे पाहिले. “मस्यू विश आजारी आहेत का?”

मैत्रेयीला हे नाव कळायला थोडा वेळ लागला. “माझे वडील? ते गेले. दहा फेब्रुवारीला, सोमवारी सकाळी. ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते. मी नको म्हटलं होतं.”

जिलने टोपी काढली. ओदेत शेजारच्या खुर्चीत बसली. “सोमवारी,” ती म्हणाली.

“त्यांनी तुम्हाला काही त्रास दिला नसेल ना?” मैत्रेयीने विचारले. “त्यांना फ्रेंच येत नव्हतं.”

“कुणाला?” जिल म्हणाला. “चार हिवाळे तो मला बर्फ कसा मोजायचा ते शिकवतोय. दवाखान्याचीही गोष्ट सांगितली त्याने. सगळं तू बोललीस, आणि त्याने तुझा कोट धरला.” जिलच्या मते ही गमतीची आठवण होती. म्हणून तो पुढे म्हणाला, “खांदा दुखायचा ना त्याचा. दार ढकलवत नव्हतं.”

“कुठला खांदा?”

“डावा.”

मैत्रेयी रडली नाही. तिने कोट काढलेलाच नव्हता. तिने त्याचे वरचे बटण लावले. त्या शनिवारी विश्वनाथराव विसरून गेलेली तिखटाची डबी ओदेतने फळीवरून काढून तिच्यापुढे धरली. “राहू द्या,” मैत्रेयी म्हणाली. “सलोनी, चल.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर आग आली, पूर आला. पण त्या मिनिटाइतका मी कधी अडकलो नाही. जिलने तिला अर्धेच सांगितले होते. कोटाचे सांगितले, आणि त्यापुढचे ‘फार छान बोलते ती’ राहून गेले. ते वाक्य माझ्या भिंतींनी ऐकले होते. दार माझे, पण ते दोन क्षण मिटून ठेवणे मला जमले नाही. तिने ते ओढून घेतले आणि ती गेली.

एकोणतीस मार्चला दुपारी नदीवर गाडीभर दगड ओतल्यासारखा आवाज झाला. भोकातला उजेड हलला. तार ताणली गेली. घड्याळ दोन वाजून बारा मिनिटांनी थांबले. ओदेतने चष्मा लावून एकेक चिठ्ठी उघडली आणि वाचली. शेवटून चौथी चिठ्ठी उघडून तिने चष्मा काढला. जिलने तिच्या हातातून ती घेतली.

“विश,” त्याने वाचले. “एकोणतीस मार्च, दुपारी दोन.”

कुणी टाळी वाजवली नाही. मग एक जण म्हणाला की नियमाप्रमाणे मान दुसऱ्या जवळच्या अंदाजाला जावा. तो दुसरा अंदाज पाववाल्याच्या बायकोचा होता. “माझा नाही तो,” ती म्हणाली. “ज्याचा आहे त्याच्या घरी फोन करा.”

ओदेतने फोन केला. मला फक्त तिचेच बोलणे ऐकू आले.

“रविवारी बारा वाजता... नाही, बोलावंच लागेल असं नाही... तुम्हाला काय बोलायचं ते ठाऊक नाही, पण त्यांना ठाऊक होतं. त्यांचा कागद आहे माझ्याकडे... नाही, मी फोनवर वाचणार नाही.” मग ती कितीतरी वेळ नुसता फोन कानाला लावून उभी होती. आणि शेवटी म्हणाली, “हे माझ्याकडचं शेवटचं वर्ष आहे, मॅडम. पुढच्या वर्षी पायरी असेल, पण तिच्यावर कुणाला चढू देणार नाहीत.”

रविवारी चाळीसेक माणसे जमली. बारा वाजले. सव्वाबारा वाजले. जिल दोनदा दाराशी जाऊन आला. दुसऱ्यांदा म्हणाला, “बर्फ मोजणं सोपं असतं.” मी दाराकडे पाहत राहिलो. ती आली नाही तर तो कागद घड्याळामागेच राहणार होता, आणि मे महिन्यात माझ्याबरोबर कुलपात जाणार होता. चार वर्षांचे वाक्य पुन्हा अर्धेच राहिले असते.

बारा वाजून वीस मिनिटांनी दार हलले. ओलीने फुगले होते, सहज उघडेना. मग बाहेरून कुणीतरी खांदा लावला. डावा.

मैत्रेयीने कोट काढून सलोनीच्या हातात दिला. ओदेतने तिला कागद दिला आणि तिसरी पायरी दाखवली. ती चढली. तिने दोरी धरली. खोली गप्प झाली. घड्याळही थांबलेलेच होते. तिने कागद उलगडला आणि तिच्या त्या सफाईदार फ्रेंचमध्ये वडिलांची वाक्ये वाचू लागली.

“माझे नाव विश्वनाथ. मी पाण्याचा माणूस आहे. चौतीस वर्षे मी धरणाचे दरवाजे उघडले आणि बंद केले. दरवाजा कधी उघडायचा, हे पुस्तकात लिहिलेले असते. पण खरे तर पाण्याचा आवाज ऐकावा लागतो. इथे माझा आवाज ओदेतने ऐकला, जिलने ऐकला. माझी फ्रेंच वाईट आहे. माझ्या सुपात तिखट जास्त आहे. दोन्हीबद्दल माफ करा.”

लोक हसले. त्यांना हसायची परवानगी होती, बोलायची नव्हती.

“आज माझी मुलगी इथे बसली आहे. ती माझ्यासाठी बोलते. फार छान बोलते. मी तिला कधी सांगितले नाही की ती बोलताना मी तिच्याकडे बघत उभा राहतो आणि मला अभिमान वाटतो. म्हणून मी गप्प राहतो. पण आज मी जिंकलो आहे. आज मी बोलणार. मैत्रेयी, आज माझा कोट तू धर.”

तिथे ती थांबली. कागदावर अजून चार ओळी होत्या. तिने त्या वाचल्या नाहीत. ती एक पायरी उतरली, दोरी न सोडता दुसरा हात लांब करून सलोनीकडून कोट घेतला आणि पुन्हा चढली. कोट छातीशी धरून उभी राहिली.

मित्रांनो, ती गप्प आहे तेवढ्यात मी माझे सांगून टाकतो, कारण नंतर मला बोलता येणार नाही. नियम माझाच आहे. तुम्ही कधी या बाजूला आलात तर माझ्या खिडक्यांवरचे प्लायवूड काढा, असे मी म्हणणार होतो. ते राहू द्या. ते तुमच्या हातात नाही. पण तुमच्या घरात कुणी हळू बोलणारे असेल, शब्द शोधत थांबणारे असेल, तर तो शब्द त्यांच्या तोंडातून काढून घेऊ नका, प्रेमानेसुद्धा नाही. घरातली कुठलीही पायरी चालेल. कुठलीही दोरी चालेल. तेवढा वेळ थांबा.

आता ती बोलू लागली आहे. मराठीत. चाळीस माणसांत ते फक्त सलोनीला आणि मला कळते आहे. कुणी हललेले नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी डॉक्टरांना घाई नव्हती. मला होती. मला मीटिंग होती. तुम्ही तोंड उघडलं होतं आणि मी तुम्हाला थांबवलं. हे मी कुणाला सांगितलं नाही.” तिने दोरी अधिक घट्ट धरली. “कुठे दुखतंय, बाबा? तुम्ही सांगा. हवा तेवढा वेळ घ्या. मला घाई नाही.”